न विचारता नेलेला कानोसा

अंजनगाव सुर्जीच्या पुंजारामजींचा एक नियम साऱ्या नात्यागोत्याला पाठ होता. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आकांक्षाला अकोल्यात देऊन बरीच वर्षं झाली, तिला मुलगी झाली, ती मुलगी शाळेत जायला लागली, "नात झाली का सुटते बावा हे," असं समजावून समजावून सोयरे थकले. पण पुंजारामजी अकोल्याला निघाले की शीतपेयाची रिकामी मोठी बाटली विसळायचे, घरच्या माठातलं पाणी भरायचे, तिला ओल्या गोणपाटाचा अंगरखा चढवायचे आणि मगच पिशवीत वांगी, पालक, कोथिंबीर रचायचे. द्यायचं मात्र भरभरून. ज्याच्या खात्यात देण्याची बाजू अशी गच्च आणि घेण्याची बाजू कोरी, त्या माणसाला मनातल्या मनात आपण चारचौघांपेक्षा वीतभर उंच आहोत असं वाटत असतं. पुंजारामजींनाही वाटायचं. ते दिसू नये म्हणून ते बाटली तोंडाला लावताना मान जरा खाली घालायचे, एवढंच.

व्याही वामनराव दर वेळी एकच विचारायचे. "काहून इवाई, आमच्या अकोल्याचं पाणी खारं लागते काय?"

"खारं त हायच," पुंजारामजी म्हणायचे, "पन कारन ते नाई."

ही उंची वाटणीत आली मुलाकडे, योगेशकडे. योगेश अमरावतीत एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात 'टोपली' सांभाळायचा. टोपली म्हणजे फोनवरचा एक प्रोग्राम. भाजीवाल्या शेतकऱ्यानं संध्याकाळी फोनसमोर बोलायचं, उद्या माझ्याकडून दोन कॅरेट वांगी, एक पोतं गवार. सकाळी गाडीवाल्याला कळतं कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबायचं आणि अमरावतीच्या व्यापाऱ्याला कळतं काय येऊन राहिलं. योगेश आणि त्याचा मित्र किशोर यांनी तो उभा केला आणि इंटरनेटवर उघड्यावर मांडला. कोणीही यावं, पाहावं, न्यावं, आपल्या गावापुरता बदलावा, वाटल्यास विकावा; ज्यांनी केलं त्यांची नावं खोडू नयेत, इतकीच अट. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. ही अट लिहिलेली फाइल, म्हणजे लायसन्स, अशा प्रत्येक प्रोग्रामच्या दारातच टांगलेली असते. आणि एकदा का दारात 'न्या' लिहिलं, की नेणारा परत विचारायला येत नाही.

पण सगळं घर कोणी स्वतःच्या हातानं बांधत नाही. दार इथून आणतो, खिडकी तिथून. तसे दुसऱ्यांनी केलेले तयार भाग आणून प्रोग्रामला बसवायचे असतात, आणि त्या प्रत्येकाची आपापली अट असते. टोपलीला बोलणं ऐकायचा भाग बसवला होता तो अकोल्याचा. त्याचं नाव 'कानोसा'. तो केला होता रागिणीनं, म्हणजे आकांक्षाच्या नणंदेनं. पहिला कानोसा टोपलीसारखाच साऱ्यांना मोकळा होता. योगेशनं तो घेतला तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता. आणि विचारायचा प्रश्न नव्हता म्हणूनच घेतला होता.

त्या कानोशात खोट एकच होती. त्याला पुरुषांचं समजायचं, त्यातही कॉलेजात जाऊन आलेल्यांचं. अंजनगावात भाजी तोडायची, निवडायची, भरायची ती बायांनी, आणि फोनसमोर बसायच्या त्याही बायाच. पुंजारामजींच्या शेजारची भागीरथाबाई पहिल्या दिवशी फोनसमोर ओरडून ओरडून दमली, स्क्रीन कोरीच.

"हे त माह्या नवऱ्यावानीच हाय बाप्पा," ती म्हणाली, "आयकते सारं, समजत काईच नाई."

साऱ्या हसल्या, आणि फोन बाजूला ठेवून जुन्याच पद्धतीनं गाडीवाल्याला हाका मारायला गेल्या. योगेशही हसला. आतून त्याला ते लागलं होतं.

मग कानोशाची नवी आवृत्ती आली. रागिणी कितीतरी सकाळी अकोल्याच्या भाजीबाजारात बायांजवळ बसून आली होती. पार्बताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या भाजीवालीनं आधी स्वतःचा आवाज दिला, मग ओळीतल्या बाकीच्या बायांना दटावून द्यायला लावला. योगेशनं नवा कानोसा आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिला, अंजनगावातल्या बायांची जुनी रेकॉर्डिंगं त्याच्यासमोर लावली, आणि स्क्रीनवर अक्षरं धडाधड उमटली. गवार, बरबटी, इकडे कोथिंबिरीला म्हणतात तो सांबार, सगळं.

फक्त दारातली फाइल बदललेली होती. रागिणीनं साध्या मराठीत लिहिलं होतं: 'हे आवाज ज्यांनी दिले त्यांना मी शब्द दिला आहे. वापरायचे असतील तर आधी विचारा. कशासाठी ते सांगा. आणि तुमच्याकडून पुढे कोणाला देऊ नका.'

असं का, तेही आकांक्षाकडून योगेशला कळलं होतं. पहिला कानोसा मोकळा होता तेव्हा बाहेरच्या कुठल्याशा कंपनीनं तो उचलला, स्वतःकडचे आवाज भरून बायांचं समजेल असा केला आणि पॉलिसी विकायच्या फोनला जोडला. दुपारी फोन यायचा, बाई वऱ्हाडीत बोलली की पलीकडच्या यंत्राला सगळं समजायचं. असा फोन एक दिवस पार्बताबाईलाच आला. ती तणतणत रागिणीच्या दारात आली होती. "तुह्या मशिनीले बोलाले शिकवा, म्हनत होती तू. शिकून सवरून ते माह्याच घरी फोन करते काय व? नको म्हनलं त समजते त्याले, पन ठेवत नाई!" त्यानंतरच रागिणीनं अट बदलली होती.

योगेशनं अट वाचली. पुन्हा वाचली. तो शिकवायचाच ते, त्यामुळे न समजल्याचं सोंग त्याला स्वतःपुढेही करता येईना. टोपलीच्या दारात लिहिलेलं 'न्या', कानोशाच्या दारात लिहिलेलं 'पुढे देऊ नका'. हे दोन एका घरात नांदणं शक्य नव्हतं. फार तर रागिणीला विचारून काही वेगळी सोय काढता आली असती, नाहीतर टोपली बहिरी ठेवावी लागली असती. आणि तिकडे अमरावतीत भाजी पिकवणाऱ्यांचा मेळावा ठरला होता. टोपलीचं प्रात्यक्षिक, मग योगेशचा सत्कार. पत्रिका छापून झाली होती.

त्यानं रागिणीला लावायला फोन हातात घेतला. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर आली ती गोणपाटातली बाटली. आपण काय म्हणणार? ताई, मला द्या? मुलीचा भाऊ, हात पसरून, तिच्या सासरी? उद्या त्या घरात काही कुरबूर झाली की कोणीतरी म्हणणारच, वहिनीच्या भावाला तेव्हा आम्हीच दिलं होतं. बापानं इतकी वर्षं घोटभर पाणी घेतलं नाही त्या घरी, आणि आपण मागायला जायचं? छे. हात पसरायचा नाही म्हणजे नाही.

त्यानं फोन ठेवला. नवा कानोसा टोपलीत बसवला. त्याच्या दारातली नवी फाइल काढली आणि जुनी, साऱ्यांना मोकळीक देणारी, आणून टांगली. हात पसरला नाही. नुसता आत घातला.

किशोरच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. असे प्रोग्राम सांभाळणारे एकमेकांचं काम तपासत असतात.

"अबे, कानोसा नवा अन् लायसन जुनं कसं?"

"घरचंच हाय बे. बहिणीची नणंद हाय ते."

"ते मले माहीत हाय. आकांक्षाच्या लग्नात तुह्या मांग मीच उभा होतो. विचारलं काय तिले?"

"विचारलं."

शब्द इतका सहज निघाला की योगेशलाच नवल वाटलं. किशोर फक्त म्हणाला, "बरं मंग." मित्राच्या 'बरं मंग'मध्ये किती शंका मावते हे ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत.

मेळावा झोकात झाला. भागीरथाबाई स्टेजवर आली, पदर सावरून फोनपुढे बोलली, आणि मागच्या पडद्यावर तिचा शब्द न् शब्द उमटला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. भागीरथाबाईच खुळ्यासारखी पडद्याकडे पाहत राहिली. "आता ह्याले समजते," ती माईकवर म्हणाली, "घरच्याचं कधी व्हते कोनाले माहीत." लोक पोट धरून हसले. योगेशच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आलं. पुढच्या रांगेत पुंजारामजी कडक टोपी घालून बसले होते आणि डाव्या-उजव्या खुर्चीला सांगत होते, "माहा पोरगा. कोनाचं काई घेतलं नाई त्यानं. समदं सोताच्या डोक्यातून काहाडलं."

हे वाक्य योगेशनं स्टेजवरून ऐकलं. शाल एकाएकी गरम वाटायला लागली. पण त्या दिवशी फोटो फार निघाले, आणि त्यातला एक त्यानं संध्याकाळी टोपलीच्या पानावर आपल्या नावाजवळ लावलासुद्धा.

थोड्याच दिवसांत त्या पानावर एक प्रश्न आला. जीवन नावाच्या कोणा माणसानं लिहिलं होतं: आमच्या भागातल्या गटांसाठी आम्ही टोपली नेली आहे, छान चालते. पण कानोशाच्या मूळ पानावर 'आधी विचारा' असं दिसतं आणि इथे 'कोणीही न्या' असं. यातलं खरं कोणतं?

प्रश्न साऱ्या जगापुढे होता. उत्तरही तिथेच द्यायचं होतं. योगेशनं लिहिलं: 'कानोशाच्या लेखिका आमच्या कुटुंबातल्या आहेत. परवानगी घेतलेली आहे.' बाजूला त्याचा शालीतला फोटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उत्तराखाली आणखी एक ओळ होती.

'हो. परवानगी दिलेली आहे. — रागिणी'

वाचल्याबरोबर योगेश सुटला. खरंच सुटला, चहा संपेपर्यंत त्याला हलकं हलकं वाटत होतं. कप विसळायला उठला तेव्हा कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. परवानगी दिली नव्हती हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक आता आपल्या नावानिशी खोटं बोलली होती. ज्या बायांना तिनं शब्द दिला त्यांच्यादेखत. तिनं ते कशासाठी केलं हे योगेशला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं 'नाही' लिहिलं असतं तर अकोल्याच्या घरात दिवेलागणीपर्यंत एकच गोष्ट झाली असती: सुनेच्या भावानं चोरी केली. आकांक्षाला मग त्या स्वयंपाकघरात मान वर करून पोळी लाटता आली नसती. रागिणीनं वहिनीची मान वाचवली आणि स्वतःची दिली. योगेशनं मागायचं टाळलं होतं, आणि त्याला न मागता हे मिळालं होतं.

दोन दिवसांनी आकांक्षाचा फोन आला. तिचा आवाज फुललेला.

"दादा, तुह्यी शाल पाह्यली फोटोत! आमच्या सासूबाईनं साऱ्या गल्लीले दाखवली. रागिणीताई म्हणे, वहिनी, तुमच्या भावानं मोठं काम केलं."

"असं म्हणे?" योगेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अजून काय म्हणे?"

"अजून काई नाई. त्या बोलतच कुठं आजकाल? बाजारात जानंही सोडलं त्याइनं. पार्बतामावशी दोनदा बोलवायले आली, त मी घरी नाही म्हनून सांग, म्हणे."

फोन संपल्यावर योगेश कॉलेजात गेला. विद्यार्थ्यांना शिकवायचा धडा नेमका काय होता ते आठवेना, म्हणून त्यानं हजेरीच दोनदा घेतली. घरी आल्यावर त्यानं तो शालीतला फोटो काढून टाकला. तेवढ्यानं काही कमी झालं नाही.

पुढच्या रविवारी पुंजारामजींना अकोल्याला जायचंच होतं, नातीचा वाढदिवस होता. योगेश आदल्या दिवशी अंजनगावला गेला. सकाळी बापलेक अकोटमार्गे निघाले. पुंजारामजींच्या पायाशी पिशवी, पिशवीत बाटली. बसच्या प्रत्येक गचक्याला बाटलीतलं पाणी डचमळायचं आणि योगेश खिडकीबाहेर पाहायचा.

अकोल्यात सगळं नेहमीसारखं झालं. नात आजोबांच्या गळ्यात पडली. भाजी निघाली, वामनरावांनी वांग्यांचं कौतुक केलं. विपुलनं, म्हणजे जावयानं, पाण्याचे ग्लास आणले आणि सवयीनं सासऱ्यांसमोरून तसेच पुढे नेले. पुंजारामजींनी आपली बाटली काढली. "खारं लागते काय इवाई?" झालं. "खारं त हायच" झालं. रागिणी येऊन वाकून नमस्कार करून गेली. योगेशकडे पाहून "या दादा" म्हणाली. तेवढंच.

योगेश तिच्या मागोमाग परसात गेला. ती नळाखाली भाजी धूत होती, त्यांनीच आणलेली.

"ताई," तो म्हणाला, "चुकलं माझं."

तिनं पालकाची एक काडी खुडून बाजूला टाकली.

"मी ते काढून टाकतो. आजच. कोणाले कळणार नाई असं, गुपचूप."

"गुपचूप काढलं," रागिणी म्हणाली, "त मी जे लिहिलं ते तसंच राहील. कोणीतरी ते मावशीले वाचून दाखवलं. तिनं निरोप धाडला, रागिणी, तू न सांगता दिले काय आमचे आवाज? मी काय सांगू? माह्या घरच्यानं नेले म्हणून सांगू, का मीच दिले म्हणून सांगू?"

योगेश खाली पाहत राहिला. तिथे चिखलात त्याच्या चपलांचे ठसे उमटले होते.

"एक सांगा मले," ती म्हणाली. आता तिनं नळ बंद केला. "विचारलं काहून नाही?"

"तुम्ही दिला असता?"

"तुमच्या टोपलीपुरता दिला असता. साऱ्यांना वाटायले दिला नसता. ते माहीत होतं म्हणून विचारलं नाही?"

इथे त्याला 'हो' म्हणता आलं असतं. ते निदान हुशारीचं दिसलं असतं. पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं.

"बहिणीच्या घरी मागायचं नसते, ताई."

रागिणी आधी समजल्यासारखी मान हलवायला लागली, आणि मध्येच थांबली.

"मागायचं नसते," ती म्हणाली, "पण न्यायचं असते?"

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. योगेशला वाटलं, ह्या नळाच्या मोरीतून वाहून जाता आलं तर जावं.

आत पुंजारामजींचा आवाज चढला होता. वाढदिवसाला शेजारी जमले होते आणि त्यांच्यापुढे मेळाव्याचं वर्णन चाललं होतं. "मी म्हनलं ना त्याइले, माह्या पोरानं कोनाचं काईच..."

"बाबा," योगेश दारात येऊन म्हणाला. "घेतलंय."

"काय घेतलं?"

"रागिणीताईचं. टोपलीले बायांचं समजते ते ह्यांच्या कामानं. विचारल्याशिवाय घ्यायचं नाही असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी न विचारता घेतलं, त्यांचा लिहिलेला कागद काढून टाकला, अन् विचारलं म्हणून खोटं सांगितलं. किशोरले सांगितलं, साऱ्यांना सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी खोटं लिहिलं."

आकांक्षाच्या हातात औक्षणाचं ताट होतं. ते तिनं टीव्हीवर टेकवायचा प्रयत्न केला. चपट्या टीव्हीवर ते टेकेना, मग नुसतंच धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे योगेशनं पाहिलं नाही. पाहवलं नाही.

वामनराव मोठ्या मनाचे. ते घाईनं म्हणाले, "अरे बाप्पा, त्यात काय एवढं! घरचंच हाय, घरात राह्यलं."

"थांबा इवाई," पुंजारामजी म्हणाले. त्यांनी योगेशकडे पाहिलं. "विचारलं काहून नाई रे?"

योगेशची नजर चुकून बापाच्या पायाशी गेली. गोणपाटातली बाटली तिथे उभी होती. पुंजारामजींनीही त्याच्या नजरेमागे पाहिलं. हिशोब जुळायला त्यांना फार वेळ लागला नाही. माणूस खात्याचा पक्का होता. ज्या कोऱ्या पानावर ते इतकी वर्षं बसले होते, त्यावर मुलानं त्यांच्याच शाईनं लिहून ठेवलं होतं.

"आकांक्षा," ते म्हणाले, "पानी आन व माय."

ती वाकून बाटलीचं झाकण उघडायला लागली.

"ते नाई. घरचं आन."

मग आकांक्षा आत गेली, माठाचं झाकण वाजलं, ती तांब्या-भांडं घेऊन आली. पुंजारामजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भांडं दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यायले. शेजारी खाली पाहत होते. नात मात्र टक लावून बघत होती. आजोबा इथलं पाणी पितात हे तिला नवीन होतं.

"खारं हाय जरासं," पुंजारामजी भांडं खाली ठेवत म्हणाले.

हे वाक्य इतकी वर्षं त्या घरात हसायचं वाक्य होतं. वामनराव हसले नाहीत.

योगेशनं तिथेच लॅपटॉप उघडला. नवा कानोसा टोपलीतून काढला, जुना परत बसवला, आणि पानावर लिहायला घेतलं: परवानगी घेतलेली नव्हती. अटीची फाइल मी बदलली. विचारल्यावर मी खोटं उत्तर दिलं. ज्यांनी टोपली नेली त्यांनी नवा कानोसा काढून टाकावा अशी विनंती आहे. रागिणीचं नाव त्यानं मुद्दाम गाळलं होतं. ती मागे उभी राहून वाचत होती.

"माह्या नावाचं मी लिहीन," ती म्हणाली, आणि त्याच्या ओळींखाली तिनं आपली ओळ लिहिली. परवानगी दिलेली नव्हती, मी वर लिहिलेलं खोटं होतं. कारण तिनं लिहिलं नाही.

किशोरचा लगेच संदेश आला. फक्त 'बरं मंग' एवढाच. या खेपेला त्यात शंका नव्हती.

बाजार मोडायच्या आत दोघं पार्बताबाईकडे गेले. ती उरलेल्या मेथीवर पाणी शिंपडत होती. रागिणीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं योगेशला खालून वर पाहिलं.

"माहा आवाज तुह्या फोनात होता?"

"होता मावशी. आता काढला."

"अन् तुह्याजवळून ज्याइनं नेला, त्याइच्या फोनातून?"

"त्यांना लिहिलंय."

"काहाडतीन ते?"

योगेशनं जीवनला लिहिलं होतं, जीवन काढीलही. बाकीचे कोण, किती, कुठले, हे त्यालाही माहीत नव्हतं. दारात 'न्या' लिहिलं होतं त्यानंच.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मंग तू काहाडलं काय?" पार्बताबाई म्हणाली, आणि परत मेथीवर पाणी शिंपडायला लागली. रागिणी तिच्याजवळ पोत्यावर बसली. म्हातारीनं तिला उठ म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिच्या हातात मेथीची एक जुडी निवडायला दिली. योगेशला काही दिलं नाही. तो उभाच राहिला, मग स्टँडकडे निघाला.

परतीच्या बसमध्ये पुंजारामजी खिडकीशी बसले. आकांक्षानं निघताना योगेशला काही म्हटलं नव्हतं. औक्षणाच्या ताटातला पेढा मात्र बापाच्या हातावर ठेवला होता, आणि तो पुंजारामजींनी तिथेच तोंडात टाकला होता. उद्या भागीरथाबाई फोनपुढे बोलेल आणि स्क्रीन पुन्हा कोरी राहील. तिला काय सांगायचं हे योगेश मनात जुळवत होता, आणि प्रत्येक वाक्य सुरुवातीलाच अडत होतं.

त्याला तहान लागली होती. सकाळपासून त्यानं काही घेतलं नव्हतं. बाटली जवळजवळ भरलेलीच परत चालली होती. त्यानं सवयीनं खाली वाकून पिशवीत हात घातला.

पुंजारामजींनी पिशवीच्या तोंडावर पंजा ठेवला. बाहेरच पाहत होते ते.

"काय पाह्यजे?"

योगेश हात काढून घेऊन सरळ बसला. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं.

"पाणी पाह्यजे, बाबा," तो म्हणाला. "द्या."

पुंजारामजींनी गोणपाट सोडलं, झाकण उघडलं, आणि बाटली त्याच्या हातात दिली. पाणी कोमट झालं होतं.